सार्थ अंक आणि मापनातली परिशुद्धता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकापासून बीएस्सीच्या प्रकल्पापर्यंत हा विषय विद्यार्थ्यांचा पिच्छा सोडत नाही. बहुतेकांना तो आधी नियमांची यादी म्हणून भेटतो आणि म्हणूनच नकोसा होतो. खरं तर सगळे नियम एकाच गोष्टीतून निघतात: आपण लिहिलेला प्रत्येक अंक हा एक दावा असतो, आणि तो करण्याइतकं मोजमाप आपण केलेलं असावं लागतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सार्थ अंक म्हणजे नेमकं काय?

मापन करून मिळालेल्या संख्येतले खात्रीचे सगळे अंक आणि त्यानंतरचा पहिला शंकास्पद अंक, इतके मिळून सार्थ अंक. टेबलाची लांबी १२४.६ सेमी लिहिली, तर १, २ आणि ४ यांबद्दल खात्री आहे आणि ६ मध्ये थोडं इकडेतिकडे होऊ शकतं. एकूण चार सार्थ अंक. त्या ६ च्या पुढे काय आहे हे आपल्याला माहीत नाही, म्हणून पुढे काही लिहायचं नाही. शून्यसुद्धा लिहायचं नाही, कारण १२४.६० लिहिणं म्हणजे सेंटिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलं असं सांगणं.

२. ॲक्युरसी आणि प्रिसिजन यात फरक काय? दोन्ही एकच वाटतात.

अचूकता (ॲक्युरसी) म्हणजे मापन खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे. परिशुद्धता (प्रिसिजन) म्हणजे तेच मापन पुन्हा पुन्हा केल्यावर आकडे एकमेकांच्या किती जवळ येतात, आणि उपकरण किती बारीक वाचू देतं.

समजा एका स्क्रू गेजमध्ये ०.०४ मिमी ‘शून्य त्रुटी’ आहे, म्हणजे मध्ये काही नसतानाही ते शून्याऐवजी ०.०४ दाखवतं, आणि ती कुणी वजा केलेली नाही. तारेचा व्यास पाच वेळा मोजला तरी ०.५६, ०.५६, ०.५७, ०.५६, ०.५६ असे सुंदर जुळणारे आकडे येतील. परिशुद्धता उत्तम. पण तारेचा खरा व्यास ०.५२ मिमी आहे आणि पाचही वाचनं चुकीची आहेत. वाचनं जुळतात म्हणून ती बरोबर आहेत असं समजणं, ही प्रयोगशाळेतली सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारी चूक.

सार्थ अंक परिशुद्धतेबद्दल बोलतात. अचूकतेची हमी ते देत नाहीत.

३. शून्य कधी धरायचं आणि कधी नाही?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच. दोन बिगर-शून्य अंकांच्या मधलं शून्य नेहमी सार्थ: ४०७ मध्ये तीन. सुरुवातीची शून्यं कधीच सार्थ नाहीत: ०.००५२ मध्ये दोनच, कारण ती शून्यं फक्त दशांश चिन्हाची जागा दाखवतात. दशांश चिन्हानंतर शेवटी आलेली शून्यं सार्थ: ५.२०० मध्ये चार.

खरी अडचण येते ती पूर्णांकाच्या शेवटी असलेल्या शून्यांची. २९,००० फूट या संख्येत सार्थ अंक किती? दोन, तीन, चार की पाच? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. याचं एक नामांकित उदाहरण आपल्याच सर्वेक्षण खात्याच्या इतिहासात आहे. १८५६ मध्ये एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. असं सांगितलं जातं की गणितातून उत्तर नेमकं २९,००० आलं होतं, पण तसंच छापलं तर लोक त्याला हजाराच्या घरातला अंदाज समजतील म्हणून वर दोन फूट घातले गेले. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातली अडचण शंभर टक्के खरी आहे.

आज त्यावर सरळ उपाय आहे: दहाच्या घातांत लिहा. हजारापर्यंतचीच खात्री असेल तर २.९ × १०⁴ फूट, आणि एकेका फुटाची खात्री असेल तर २.९००० × १०⁴ फूट. संख्या तीच, दावे वेगळे.

परीक्षेत मात्र दशांश चिन्ह नसलेल्या संख्येतली शेवटची शून्यं सार्थ नाहीत असा संकेत धरतात. मापनाचं एकक दिलं असेल तर काही पुस्तकं ती सार्थ धरतात. तुमच्या पाठ्यपुस्तकातला संकेत बघून घ्या.

४. लघुतम माप आणि सार्थ अंक यांचा संबंध काय? तारेला स्क्रू गेजच का लागतो?

लघुतम माप म्हणजे उपकरणावर थेट वाचता येणारं सर्वांत लहान माप. साध्या पट्टीचं १ मिमी, शाळेतल्या नेहमीच्या व्हर्नियर कॅलिपरचं ०.१ मिमी, स्क्रू गेजचं ०.०१ मिमी. वाचनाचा शेवटचा अंक यावरूनच ठरतो.

तीच तार व्हर्नियरवर ०.५ मिमी दिसते, म्हणजे एकच सार्थ अंक. स्क्रू गेजवर ०.५२ मिमी, म्हणजे दोन. फरक एका अंकाचा दिसतो, पण पुढचं गणित बघा. तारेची रोधकता (विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) काढताना तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ लागतं आणि त्यात व्यासाचा वर्ग येतो. वर्ग केला की सापेक्ष त्रुटी साधारण दुप्पट होते. स्क्रू गेजने ०.५२ मध्ये ०.०१, म्हणजे सुमारे २ टक्के. क्षेत्रफळात ४ टक्के. व्हर्नियरने ०.५ मध्ये ०.१, म्हणजे २० टक्के. क्षेत्रफळात ४० टक्के. तारेची लांबी मीटरपट्टीने मोजली तरी चालते आणि व्यासाला मात्र स्क्रू गेजच लागतो, त्याचं कारण हे. सूत्रात ज्या राशीचा घात मोठा आणि जिचं माप लहान, तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची.

पट्टीवर दोन रेघांच्या मध्ये टोक आलं तर अर्ध्या मिलिमीटरचा अंदाज घेता येतो आणि घ्यावा. व्हर्नियर किंवा स्क्रू गेजवर असा अंदाज घेत नाहीत.

५. एकक बदललं की सार्थ अंक बदलतात का?

नाही. १.२४६ मीटर, १२४.६ सेमी आणि ०.००१२४६ किमी या तिन्हींत चारच सार्थ अंक आहेत. दशांश चिन्ह सरकल्याने ज्ञान वाढत नाही.

घोटाळा होतो तो गुणकाने बदल करताना. माणसाच्या शरीराचं ‘नॉर्मल’ तापमान ९८.६ अंश फॅरेनहाइट हे घरोघरी पाठ असतं. ते आलं जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये मांडलेल्या ३७ अंश सेल्सिअसवरून. ३७ हा हजारो वाचनांवरून काढलेला मध्य आहे. निरोगी माणसाचं तापमान दिवसभरातही अर्धा-पाऊण अंश वरखाली होतं. पण रूपांतर केल्यावर ९८.६ आलं आणि तो .६ जणू फार काटेकोरपणे मोजलेला असावा असा भास तयार झाला. म्हणून थर्मामीटरवर ९८.९ दिसल्याबरोबर धावपळ करण्याचं कारण नसतं.

६. बेरीज-वजाबाकीला एक नियम आणि गुणाकार-भागाकाराला दुसरा, असं का?

कारण बेरजेत त्रुटी ‘किती’ आहे हे महत्त्वाचं, आणि गुणाकारात ती ‘किती टक्के’ आहे हे.

एका भांड्याचं वजन १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ३१२ ग्रॅम भरलं. त्यात चांगल्या तराजूवर मोजलेलं ४.२७५ ग्रॅम मीठ टाकलं. एकूण ३१६.२७५ ग्रॅम लिहायचं का? भांड्याचाच एक ग्रॅम इकडेतिकडे असताना .२७५ ला काही अर्थ उरत नाही. उत्तर ३१६ ग्रॅम. म्हणून बेरीज-वजाबाकीत दशांश स्थळं बघायची: ज्या संख्येत ती सगळ्यात कमी, तेवढीच उत्तरात.

गुणाकारात वेगळं. धातूच्या तुकड्याचं वस्तुमान २४.३६ ग्रॅम, आकारमान ३.१ घन सेमी. कॅल्क्युलेटर घनता ७.८५८०६४५ दाखवतो. आकारमान प्रत्यक्षात ३.०५ ते ३.१५ मध्ये कुठेही असू शकतं, म्हणजे घनता ७.९९ ते ७.७३ मध्ये कुठेही. मग ७.८५८ कशाच्या जोरावर लिहायचं? उत्तर ७.९ ग्रॅम प्रति घन सेमी, दोन सार्थ अंक, कारण ३.१ मध्ये दोनच आहेत. इथे मोह कसा होतो ते सांगतो. लोखंडाची घनता ७.८७ असते हे पाठ असतं, आणि ७.८६ लिहिलं की ‘जवळ आलं’ असं वाटतं. ते जवळ येणं तुमच्या मापनातून आलेलं नसतं.

७. वजाबाकी केली की सार्थ अंक कमी होतात असं सर म्हणाले. कसे?

जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की पुढचे अंक एकमेकांना खातात आणि शेवटचे शंकास्पद अंकच हातात उरतात. ४८.३७ वजा ४८.२९ म्हणजे ०.०८. चार-चार सार्थ अंकांतून एकच उरला.

पण याच वजाबाकीत कधी कधी सोनं सापडतं, आणि या विषयातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण हेच आहे. १८९० च्या दशकात लॉर्ड रॅले वायूंची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून टाकल्यावर उरलेल्या नायट्रोजनची घनता प्रति लिटर १.२५७२ ग्रॅम आली. रासायनिक संयुगांपासून तयार केलेल्या नायट्रोजनची १.२५०५. फरक अर्ध्या टक्क्याचा. दोन सार्थ अंकांत लिहिलं असतं तर दोन्ही १.३. फरक शून्य, विषय संपला.

रॅले यांचं मापन मात्र इतकं परिशुद्ध होतं की दहा हजारांत एक भाग एवढी गफलतही त्यांच्या नजरेतून सुटली नसती, म्हणून अर्धा टक्का हा फार मोठा फरक होता. तो ‘प्रयोगातली चूक’ म्हणून सोडून द्यायला ते तयार झाले नाहीत. विल्यम रॅमसे यांच्यासोबत शोध घेतल्यावर हवेत एक अनोळखी, कशाशीच संयोग न पावणारा वायू निघाला: आरगॉन. आपण श्वासात घेतो त्या हवेचा जवळपास एक टक्का भाग तो आहे आणि तोवर कुणाला माहीत नव्हता. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सार्थ अंक म्हणजे फक्त अंक कापणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं. ज्या अंकांचा हक्क कमावला आहे, ते टाकून देणं हीदेखील तितकीच मोठी चूक आहे.

८. शेवटी ५ आला तर वर न्यायचं की खाली?

शाळेच्या गणितात ५ आला की वर नेतात. एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात वेगळा संकेत आहे: नेमका ५ च असेल आणि त्यानंतर काही नसेल, तर आधीचा अंक सम असल्यास तसाच ठेवायचा, विषम असल्यास एकाने वाढवायचा. २.७४५ चे २.७४ आणि २.७३५ चेही २.७४.

कारण साधं आहे. ५ हा बरोबर मध्यावर असतो. तो दर वेळी वर नेला, तर शेकडो आकड्यांच्या बेरजेत उत्तर एकाच बाजूला सरकत जातं. अर्ध्या वेळा वर आणि अर्ध्या वेळा खाली गेलं की ते सावरतं. ५ च्या पुढे एखादा बिगर-शून्य अंक असेल, जसं २.७४५१, तर मध्य ओलांडलेला आहे, सरळ २.७५ करायचं.

९. प्रत्येक पायरीवर पूर्णांकन करायचं का?

नाही. मधल्या पायऱ्यांत किमान एक-दोन अंक जास्त ठेवा आणि शेवटी एकदाच कापा. टप्प्याटप्प्याने कापलं तर उत्तर बदलतं: ७.४५४६ चे थेट तीन सार्थ अंक ७.४५, पण आधी ७.४५५ आणि मग तीन अंक केले तर ७.४६.

१०. सूत्रातला २, पाय (π), वीस आंदोलनं, यांचे सार्थ अंक किती धरायचे?

एक-दोन-तीन असं गणून घेतलेल्या किंवा व्याख्येने ठरवलेल्या संख्यांना मर्यादा नसते. त्यांच्यामुळे उत्तराचे अंक कमी होत नाहीत. लोलकाची २० आंदोलनं म्हणजे वीसच. सूत्रातला २ म्हणजे दोनच. पायचे हवे तेवढे अंक उपलब्ध असतात, तेव्हा मापनापेक्षा एक-दोन जास्त घ्या. ३.१४ वर थांबून आपलंच चांगलं मापन बिघडवू नका.

व्याख्येने ठरलेल्या संख्या रोजच्या व्यवहारातही आहेत. एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेमी. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, नेमके १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, नेमके ४३,५६० चौरस फूट. जमिनीच्या मोजणीत शंका असते ती फितीमुळे आणि बांधाच्या वाकड्या रेषेमुळे, गुंठ्याच्या व्याख्येमुळे नाही. प्रकाशाचा वेगही १९८३ पासून व्याख्येनेच सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे, आणि २० मे २०१९ पासून प्लँकचा स्थिरांकही असाच पक्का केला गेला. आता किलोग्रॅमची व्याख्या त्यावरून होते.

उलट, मोजदाद आहे म्हणून प्रत्येक संख्या नेमकी असतेच असं नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ नोंदली गेली. एवढ्या मोठ्या मोजणीत काही घरं सुटतात, काही माणसं दोनदा नोंदली जातात. शेवटचे तीन तिर्री नोंदींची बेरीज म्हणून खरे आहेत, माणसांची संख्या म्हणून नाहीत.

११. लोलकाच्या प्रयोगात g ची (गुरुत्वत्वरणाची) किंमत कॅल्क्युलेटरवर ९.८२०४४१ येते. जर्नलमध्ये किती लिहू?

पूर्ण उदाहरण घेऊ. लांबी १००.० सेमी, २० आंदोलनांना ४०.१ सेकंद. आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, २.००५ सेकंद. सूत्रात घातल्यावर ९.८२०४४१. सार्थ अंकांच्या नियमाने ४०.१ मध्ये तीन अंक, म्हणून ९.८२ मीटर प्रति सेकंद वर्ग.

पण इथेच थांबू नका. स्टॉपवॉच ०.१ सेकंद दाखवत असलं, तरी बटण दाबणारं बोट तेवढं चपळ नसतं. सुरू आणि बंद करण्यात मिळून ०.२ सेकंद सहज जातात. ४०.१ मध्ये ०.२ म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून g मध्ये एक टक्का, म्हणजे ०.१. तेव्हा प्रामाणिक उत्तर ९.८ ± ०.१. सार्थ अंकांचा नियम हा त्रुटीच्या हिशोबाचा झटपट पर्याय आहे. त्रुटी काढता येत असेल तर तिचंच ऐकायचं.

पुस्तकात ९.८१ दिलंय म्हणून वेळेचे आकडे जुळवून ९.८१ आणणाऱ्यांसाठी एक माहिती. गुरुत्वत्वरण अक्षांशाप्रमाणे बदलतं. विषुववृत्तावर ते ९.७८ असतं, ध्रुवांकडे ९.८३ पर्यंत जातं. महाराष्ट्राच्या अक्षांशावर ते ९.७८ ते ९.७९ च्या आसपास आहे. म्हणजे ९.८१ जुळवून आणणारा विद्यार्थी आपल्या गावातली नाही, युरोपातली किंमत लिहीत असतो. ९.८ ± ०.१ मध्ये आपली खरी किंमत व्यवस्थित बसते.

१२. दहा वेळा मोजून सरासरी काढली तर जास्त अंक लिहिता येतात का?

थोडे, आणि अटींवर. वाचनं खरोखर स्वतंत्र असतील आणि त्यांत यादृच्छिक फरक असेल, तर सरासरीतली अनिश्चितता वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. चार वाचनांनी निम्मी, शंभरांनी एक दशांश. म्हणजे एक जादा अंक मिळवायला शंभर वाचनं लागतात. शून्य त्रुटी (प्रश्न २) मात्र हजार वाचनांनीही जात नाही.

सगळी वाचनं अगदी सारखी आली, तर लघुतम मापाखाली काय आहे हे आपल्याला कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रसायनशास्त्रातल्या अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) ब्युरेटची तीन वाचनं १०.३, १०.३, १०.३ आली म्हणून उत्तर १०.३०० होत नाही. आणि पहिल्या वाचनानंतर उरलेली दोन न करताच तेच लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यामुळे विद्यार्थ्याला प्रयोगातून शिकायची असलेली एकमेव गोष्ट हुकते.

१३. ± च्या पुढे किती अंक लिहायचे? आणि कंसातले आकडे कसले?

अनिश्चितता एका, फार तर दोन सार्थ अंकांत लिहा आणि मुख्य किंमत त्याच दशांश स्थळापर्यंत आणा. ९.८२०४ ± ०.०९७३ असं लिहिणं व्यर्थ. शंकाच चार अंकांपर्यंत कशी ठाऊक असेल?

कंस ही त्याचीच आखूड पद्धत. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक ६.६७४३०(१५) × १०⁻¹¹ असा छापतात, म्हणजे ६.६७४३० ± ०.०००१५. कॅव्हेंडिश यांचा प्रयोग १७९८ चा. इतक्या वर्षांनंतरही वेगवेगळ्या प्रयोगशाळांची उत्तरं चौथ्या अंकापाशीच एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं बल आहे.

१४. डिजिटल उपकरणावर दिसतात ते सगळे अंक खरे का?

पडद्यावर अंक दाखवणं स्वस्त असतं, मोजणं महाग. मोबाइलवर अक्षांश १८.५२०४३०३ असा सात दशांशांपर्यंत दिसतो. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणजे सातवं स्थळ सुमारे एक सेंटिमीटर. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक मात्र साधारण पाच मीटर असते, इमारतींच्या गर्दीत त्याहून जास्त. पाचव्या स्थळाचीच किंमत एक मीटर, म्हणजे तिथपासून पुढे सगळं शंकास्पद. शेताची हद्द फोनवरून ठरवू पाहणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

उपकरणासोबतच्या पत्रकात अचूकता वेगळी दिलेली असते. ती वाचा.

१५. गुणाकाराचा नियम चुकीचं उत्तर देतो असं कधी होतं का?

होतं. ९.९ × १.०३ = १०.१९७. नियमाने दोन सार्थ अंक, म्हणजे १०. पण ९.९ मध्ये ०.१ ची शंका धरली तर ती एक टक्का, आणि १०.२ चा एक टक्काही ०.१ च. म्हणजे १०.२ लिहिण्याचा पूर्ण हक्क आहे आणि नियम तो हिरावून घेतो. ९.९ आणि १०.१ यांत अंकांची संख्या वेगळी असली तरी परिशुद्धता जवळपास सारखीच असते. अडचण तिथे आहे. परीक्षेत नियम पाळा, प्रयोगात टक्केवारी काढा.

१६. पीएच ४.७४ मध्ये सार्थ अंक तीन की दोन?

दोन. पीएच हा लॉगॅरिदम असतो, आणि लॉगॅरिदममध्ये दशांश चिन्हाच्या आधीचा भाग फक्त दहाचा घात सांगतो. हायड्रोजन आयनांची संहती १.८ × १०⁻⁵, दोन सार्थ अंक. तिचा पीएच ४.७४, दशांशानंतर दोन स्थळं. म्हणून ‘पीएच ७’ ही फार ढोबळ माहिती आहे आणि ‘पीएच ७.००’ ही चांगल्या मीटरची.

१७. बावीस कॅरेट सोन्यावर ९१६ का असतं? पूर्णांकन केलं तर ९१७ यायला हवं.

गणित बरोबर आहे. २२ भागिले २४ म्हणजे ०.९१६६६…, आणि हजारात पूर्णांकन केलं तर ९१७. पण हॉलमार्कवरचा आकडा म्हणजे ग्राहकाला दिलेली किमान शुद्धतेची हमी: हजार भागांत सोनं एवढ्यापेक्षा कमी नाही. हमी वर ढकलून लिहिली तर नेमकं बावीस कॅरेट असलेलं सोनंसुद्धा तिच्यात नापास होईल, म्हणून ती खालच्या बाजूला कापलेली बरी. लिफ्टची वजनमर्यादाही याच कारणाने खाली कापतात, आणि तीच लिफ्ट ओढणाऱ्या दोराची जाडी ठरवताना आकडा वर नेतात. प्रश्न ८ मधला नियम जिथे दोन्ही बाजूंची चूक सारखीच महाग असते तिथला आहे.